बदली खेळाडूची बदली

इलोइलोत, नोंग गोरियोच्या पंक्चरच्या दुकानात
बातमी आली ती रेडिओवरून, भर दुपारी,
ट्यूब टबात बुडवलेली असताना.
आपल्या संघानं तिघांना दिलं
आणि एकाला घेतलं.
घेतला तो सात फुटांना दोन बोटं कमी.
दिलेल्यांतले दोघे कोण
ते आठवायलाच आम्हाला वेळ लागला.
तिसरा मागबानुआ.

"कोण, तो टॉवेलवाला?"
देन्सिओ ट्रायसिकलच्या सीटवर आडवा पडूनच म्हणाला.
"सामन्याला चार मिनिटं. चार!
तेवढ्यात माझी शेंगदाण्याची पुडीसुद्धा संपत नाही."

शाळा बुडवून आलेल्या जेरवीनकडे वही होती.
हंगामभराचे आकडे, लाल पेनानं.
तो मैदानात असताना आपण, सगळं मिळून,
सव्वीस गुणांनी पुढे.
"समोर कोण असतं तेव्हा?" देन्सिओ म्हणाला,
"त्यांचेही टॉवेलवालेच."
जेरवीननं वही उलटी करून पाहिली,
जणू उत्तर मागच्या पानावर असावं.

मानांग लुपिंग केळी तळत होती.
झारा वर धरून म्हणाली,
"अडोबोत तमालपत्र घालतेस का, असं कुणी मला विचारत नाही.
ताटाच्या कडेला काढून ठेवतात.
एकदा न घालता करून बघते, मग या जेवायला."
"मग तमालपत्रालाच पगार द्या," देन्सिओ म्हणाला.
सगळे हसले. तीही हसली,
पण त्याचं केळं तिनं सगळ्यात शेवटी काढलं.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
सहाव्याच्या हाती पाण्याची बाटली.
सातव्या-आठव्याचं तर
नावही उद्घोषक चुकीचं उच्चारतो.
पण रोज सकाळी सरावात
त्या पाचांना अडवतं कोण,
त्यांची कोपरं बरगडीत घेतं कोण,
हे नोंग गोरियो बोलला, ट्यूबकडे बघत,
आणि परत गप्प झाला.
बुडबुडा अजून सापडला नव्हता.

दोन तास चालला वाद.
आम्ही सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे;
आमच्यातल्या कुणी कधी
लाकडी फरशीच्या मैदानावर पाऊल ठेवलेलं नाही.

मी काही बोललो नाही.
मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री
देन्सिओ झोपतो,
तेव्हा त्याची ट्रायसिकल मी चालवतो.
तिच्या पाठीवर नाव त्याच्या मुलीचं आहे.
ओळखीची गिऱ्हाइकं हात करतात,
जवळ आल्यावर म्हणतात, अरे, तू होय.
आणि बसतात.
मला कुणी मत विचारलं नाही,
विचारलं असतं तर काय सांगितलं असतं
तेही मला माहीत नाही.

शुक्रवारी सामना.
नवा उंच माणूस छान खेळला, खोटं कशाला बोलू.
चेंडू त्याच्या हातात लिंबाएवढा दिसत होता.
तिसऱ्या सत्रात तो पडला,
जाहिरातींच्या फळ्यांवर, पाठीवर,
आणि आपल्या बाकावरून
कुणी उठलं नाही.
म्हणजे उठले. सगळेच उठले,
पण आधी एकमेकांकडे बघून.
एवढाच वेळ.
मागबानुआ असता तर टॉवेल फेकून
तो पोहोचलाही असता, पडणारा जमिनीला लागायच्या आत.

दुकानात कुणी हे बोललं नाही.
जेरवीनच्या वहीत त्याला रकाना नव्हता.
"उठला की आपला आपण," देन्सिओ म्हणाला,
कुणी काही विचारलेलं नसताना.

अकरा गुणांनी जिंकलो.
मानांग लुपिंगनं उरलेलं तेल डब्यात ओतलं.
मी हात पुढे केला, किल्लीसाठी.
देन्सिओनं ती खिशात दोनदा शोधली,
माझ्या तळहातावर ठेवली, म्हणाला,
"सकाळी टाकी भरून आण.
मागच्या वेळी रिकामी ठेवली होतीस."